कापसाच्या शिखरावरची लढाई

लढाया सैन्यं जिंकतात असं इतिहासाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. आमच्या घाटंजीचे पेंटरचाचा मात्र लढाया चित्रं जिंकतात असं मानत, आणि त्यांच्या समोरच्या कापडाच्या गाळ्यात अर्धं आयुष्य काढल्यामुळे माझा इतिहासाच्या पुस्तकांवरचा विश्वास कायमचा डळमळीत झाला आहे. चित्रं म्हणजे भिंतीवर टांगायची नव्हेत. हलणारी, पळणारी, धपकन पडणारी. "बंदूक दुश्मनाले मारते, बाबू," ते मला सांगत, "अन् कार्टून दुश्मनाचा डर मारते. डर मेला का अर्धी लढाई तिथंच खतम." ज्या गावात लढाई म्हणजे नळावरची किंवा फार तर जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांच्या रांगेतली, तिथे बसून हा माणूस असं बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, सेनापती यांना विचारूनच तोफा हलवत असतील.

धंद्याने ते पाट्या रंगवत. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ट्रकच्या मागच्या फळक्यांच्या. पण त्याआधी तरुणपणी ते एका टुरिंग टॉकीजमध्ये होते; दिवसा पोस्टर रंगवायचे आणि संध्याकाळी मशीन चालवायचे. त्याच तंबूत, मागे कधीतरी सीमेवर लढाई चालू असताना, सरकारी प्रचाराची गाडी आली होती आणि तिने मुख्य सिनेमाआधी एक छोटी कार्टून फिल्म दाखवली होती. तिच्यात म्हणे शत्रूचा सेनापती भाषण करता करता पुरीसारखा फुगत जातो आणि आपल्या छावणीतला एक स्वयंपाकी त्याला सुई टोचतो. एवढंच. पण ते पाहून सगळा तंबू असा हसला की कनाती हलल्या, असं चाचा सांगत. सांगता सांगता स्वतः गाल फुगवत, डोळे वटारत आणि शेवटी फुस्स करून खुर्चीत कोसळत. माझ्या गिऱ्हाइकांनी लुगड्याचा पदर बघायचा सोडून हा खेळ बघावा आणि मी हातात गज धरून उभं राहावं, हे नित्याचं होतं. पुढे घरोघर टीव्ही आले, टुरिंग टॉकीज बसली, आणि मालकाने जुनं प्रोजेक्टर आणि उरलेल्या रिळांचे डबे चाचांच्या गळ्यात बांधले. दुसऱ्या कुणी ते भंगारात घातलं असतं. चाचांनी ते घरात पलंगाच्या जागी ठेवलं आणि पलंग अंगणात काढला.

तेव्हापासून एकच ध्यास: आपल्या हाताने काढलेलं चित्र एकदा आपल्या चौकात, आपल्या माणसांसमोर हललं पाहिजे. या ध्यासापायी गावाला काय काय सोसावं लागलं ते गावच जाणे. एकदा माझ्या दुकानासमोर एक गृहस्थ सायकलवरून पडले. चाचा सगळ्यांच्या आधी पोचले, त्यांना उठवलं, धूळ झटकली, पाणी पाजलं आणि मग हात जोडून म्हणाले, "भाऊ, बुरा नका मानू, पण एक डाव पुन्हा पडाल काय? थोडं हळू. टोपी आधी उडाली का चप्पल, ते माह्यावाल्या ध्यानातून सुटलं." त्या गृहस्थांना मार जरा डोक्यालाही लागला असावा, कारण ते खरोखर पुन्हा सायकलवर चढले. चप्पल आधी उडते, असा निकाल लागला. बाजाराच्या दिवशी चाचा पिशवी घेऊन भाजीला जात आणि रिकामी पिशवी घेऊन परत येत. विचारलं तर म्हणत, आज दोन फार चांगली नाकं पाहिली. केशकर्तनालयाच्या पाटीवर त्यांनी वस्तऱ्याखाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत अशी काही भीती उतरवली की महिनाभर त्या दुकानात कुणी दाढीला गेलं नाही. मालक भांडायला आला, तर चाचांनी ती तक्रार शाबासकी म्हणून घेतली.

चाचींचे हाल तर विचारूच नका. माणूस भरलेली घागर घेऊन चालतो तेव्हा कंबर कुठल्या बाजूला झुकते, हे पाहण्यासाठी ते त्यांना अंगणात घागर घेऊन येरझाऱ्या घालायला लावत. "ज़िंदगी पूरी पानी भरने में गई," चाची करवादत, "अब पानी भरने की नौटंकी भी करूँ क्या?" आणि करवादत करवादत चालूनही दाखवत. नव्या फिल्मला रीळ आणणार कुठून? म्हणून जुन्या सिनेमांची रिळं चाचींच्या मोठ्या पातेल्यात, कपडे धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात बुडवायची, घासून त्यांच्यावरचं चित्र उतरवायचं आणि वाळत घालायची. एकेका पातेल्यात दोनदोन हिरो आणि एक खलनायक विरघळायचा. मात्र विनोदी नटाचा प्रसंग आला की चाचा तेवढा तुकडा कात्रीने कापून बाजूला ठेवत. हसवणाऱ्याला गरम पाण्यात टाकायला त्यांचा जीव धजत नसे. मग धुऊन स्वच्छ झालेल्या पट्टीवर, नखाएवढ्या एकेका चौकटीत, सुईच्या टोकाने आणि काळ्या शाईने चित्र. पुढच्या चौकटीत तेच चित्र, केसभर सरकलेलं. त्याच्या पुढे आणखी केसभर. दिवसभर मान मोडून बसल्यावर जे तयार होई, ते मशीनवर डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपून जाई. मी तर असला माणूस दुसरा पाहिला नाही.

मग कारगिलचं वर्ष आलं. चौकातल्या टीव्हीसमोर सकाळपासून माणसं उभी असत. लढाई दूर, बर्फात. पण आमच्याकडे दुसरीही चालूच होती. त्या वर्षांत पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या पिकावर, बोंडअळी अशी उतरली होती की शेतकरी पाठीवर पंप घेऊन हिंडून थकले. कुठलंही औषध मारा, अळी त्यात न्हाऊन ताजीतवानी होई. लोक बोलेनासे झाले होते. माझ्या दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला येणारी माणसं कापडावर हात फिरवून, "पाहू पुढच्या साली," म्हणत निघून जात. अशा दिवसांत चाचा एकदम तरतरीत होऊन माझ्या गादीवर आले आणि म्हणाले, "बाबू, या गणपतीत लढाईचं कार्टून करतो. लोकं हसाचं विसरून राह्यले."

आमच्या चौकातल्या गणेश मंडळाचा मंडप आणि देखावा वर्षानुवर्षं चाचाच रंगवत. त्या वर्षी अध्यक्ष नवा होता. तरुण, उत्साही आणि जरा तापट. कृषी केंद्राचं दुकान होतं त्याचं, खतं आणि फवारणीची औषधं. मंडळाची बैठक माझ्याच दुकानात भरली. फिल्मची कल्पना ऐकून अध्यक्ष खूश झाला. "मस्त करा चाचा! पण दुश्मन झकास पाह्यजे. लांब दाढी, डोक्यावर गोल टोपी, हातात सुरा. लोकाईनं पाह्यल्याबरोबर वळखला पाह्यजे."

चाचांनी माझ्या फळीवरचा खडू उचलला आणि तिथेच चार रेघा ओढल्या. दाढी काढली. टोपी काढली. मग कुणी न सांगता डोळ्यांवर एक दोऱ्याने बांधलेला चष्मा काढला. आणि आम्ही सगळे त्या फळीकडे बघत राहिलो, कारण ते चाचांचे अब्बा होते. पिंजारी होते ते. अर्धं घाटंजी त्यांनी भरलेल्या गाद्यांवर झोपलं होतं.

"पाहा," चाचा म्हणाले, "दाढी काढली, टोपी काढली, तं हे माह्ये अब्बा झाले. दुश्मनाची शकल मी पाह्यलीच नाही जी. दुसरी कोणतीबी सांगा, काढतो. अब्बाले कायले मारू मी?"

अध्यक्षाचा चेहरा पडला. पण चारचौघांत माघार घ्यायची कशी? तो म्हणाला, "मंग लोकं म्हनतीन, चाचाले दुश्मनाचं चित्र काढाले जड चाल्लं. मंग त्या फिलमचं राहू द्या. अन् मंडपाचंबी पाहू." बोलून गेला आणि बैठक मोडली. मला असा संताप आला होता की हातातला लोखंडी गज माझा मलाच जड वाटला. ज्या माणसाने या मंडपाची प्रत्येक कमान रंगवली, त्याला आता आपण कोणाच्या बाजूचे हे चित्र काढून सिद्ध करायचं होतं. चाचांनी रुमालाने फळी पुसली. इतक्या हलक्या हाताने, जणू खरोखर कुणाचा चेहरा पुसताहेत.

काही दिवस ते दिसले नाहीत. मग एका सकाळी कागदाचा कपटा नाचवत आले. "दुश्मन सापडला!" कपट्यावर एक बोंडअळी होती. लठ्ठ, गुबगुबीत, छातीवर बिल्ले, डोक्यावर सेनापतीची तिरपी टोपी, आणि ओठांवर अशा मिशा, की त्या अळीने आरशासमोर तासभर काढला असावा. मला हसू आवरेना. अध्यक्षाला बोलावलं, तोही आधी हसला आणि मग लक्षात आलं की आपण हसलो. त्यामुळे त्याला हो म्हणावंच लागलं. फक्त एक अट घातली: फिल्ममधल्या जवानाने अळीला फवारणीच्या पंपाने मारायचं, आणि पंप त्याच्या दुकानात टांगलेला असतो तसाच दिसला पाहिजे. चाचांना त्यात काही वावगं दिसलं नाही. धंदेवाल्याच्या पाट्या रंगवून त्यांना अशा मागण्यांची सवय होती.

तो पावसाळा त्यांनी अंगणातल्या पलंगावर, वर ताडपत्री बांधून, भिंग डोळ्याला लावून काढला. आणि गणपती बसले त्याच संध्याकाळी, माझ्या दुकानातल्या मांजरपाटाचा पडदा, माझ्या भावाच्या गॅरेजमधला ट्रकचा दिवा आणि हाताने फिरवायचं प्रोजेक्टर अशा लवाजम्यानिशी चाचांचं चित्र चौकात हललं. सारा चौक भरला होता. पुढे पोरं, मध्ये पुरुष, मागे ओट्यांवर बाया. हिमालय चाचांनी कधी पाहिला नव्हता. पांढरं शिखर म्हणजे त्यांच्या लेखी फुटलेलं कापसाचं बोंड. त्यामुळे पडद्यावर बोंडांचीच रांग उगवली, ढगांपर्यंत उंच, आणि आमच्या लोकांना त्यात काही चुकलंय असं वाटलंच नाही, सगळे "अरे वा!" म्हणाले. मिशाळ अळी हळूच एका शिखराला भोक पाडून आत शिरली, आत बसून ढेकर दिला, खिडकीतून डोकं काढून भाषण केलं. लोक लोटपोट झाले. जवान पऱ्हाटीच्या फांद्यांना धरून वर चढू लागला, घसरला, त्याची चप्पल आधी उडाली आणि टोपी मागून. प्रेक्षकांतले ते सायकलवाले गृहस्थ उभे राहून सगळ्यांना सांगू लागले की हे पडणं मूळचं त्यांचं आहे. शेवटी जवान वर पोचला, पाठीवरचा पंप सावरला, एक फवारा मारला, आणि अळी उताणी पडून मेली.

मग मधून एक शेतकरी उठला. "ओ चाचा! कोणतं औषध हाये जी ते? आमालेबी सांगा!" दुसरा ओरडला, "आमी फवारून फवारून थकलो, आमची तं न्हाऊन धुऊन गोरी झाली! तुमची एका फवाऱ्यात मेली काय?" आणि जे हसू फुटलं ते अळीवर नव्हतं. सगळा चौक मान वळवून कृषी केंद्राच्या मालकाकडे, म्हणजे अध्यक्षाकडे, बघून हसत होता. तो लालबुंद होऊन उठला. "लढाईची थट्टा करून राह्यले हे! बंद करा!" म्हणाला, आणि दिवा बंद झाला. दुसऱ्या दिवशी, जे चौकात नव्हतेच त्यांच्या तोंडी गोष्ट पार उलटी होऊन फिरत होती: चाचाने म्हणे आपल्या जवानाला हसण्यावारी नेलं. मुकुटबनहून माल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानेही मला हेच विचारलं, तेव्हा मी गज तिथेच टाकून उठलो.

मी चाचांकडे गेलो तेव्हा ते पलंगावर मान घालून बसले होते. त्यांना लाज वाटत होती, पण अध्यक्षाची किंवा अफवेची नव्हे. "मी खोटं काढलं, बाबू," ते म्हणाले. "प्रचारात थोडं वाढवून सांगा लागते, ते मले मालूम हाये. पण लोकाईले जे रोज वावरात दिसून राह्यलं, त्याच्या उलटं नाही सांगता येत. मंग लोकं दुश्मनावर नाही हसत, आपल्यावरच हसतेत." मग एकदम उठले. "पण ते मरते तरी कशानं, पाहून तं येऊ," म्हणाले आणि गावाबाहेरच्या वावरात जाऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले. तिथे रोजाच्या बाया ओळीने पऱ्हाटीतून सरकत होत्या, एकेक बोंड हाताने उलगडत, अळी चिमटीत धरून रॉकेल-पाण्याच्या डबड्यात टाकत. फवारे फसले तेव्हापासून हेच चाललं होतं. चाचा त्यांच्या बोटांकडे बघत बसले, तशी एक बाई म्हणाली, "चाचा, पाहून काय राह्यले? वेचू लागा!" चाचांनी खरंच डबडं घेतलं आणि दुपारपर्यंत वेचलं. परत आले ते शीळ घालत.

तडक कृषी केंद्रात गेले. मी मागोमाग. "अध्यक्षसाहेब, एक डाव दाखवू द्या. या टायमाले लोकं अळीवर नाही हसले, तं मशीन भंगारात देतो, अन् तुमच्या मंडपाले पुन्हा हात नाही लावत." अफवा अध्यक्षाच्याही कानावर आली होती, आणि ती खोटी आहे हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "विसर्जनाच्या आदल्या दिवशी," तो खाली बघत म्हणाला, "आरतीच्या पह्यले."

मधल्या दिवसांत चाचांनी रात्रीचा दिवस करून फवाऱ्याचा तुकडा कापून टाकला आणि नवा जोडला. चाची अंगणात वाकून, एका हातात डबडं धरून, नसलेल्या पऱ्हाटीतून येरझाऱ्या घालत होत्या, आणि या वेळी करवादत नव्हत्या.

त्या संध्याकाळी लोक आले खरे, पण हात बांधून उभे राहिले. बोंडांची शिखरं आली, अळीने ढेकर दिला. कुणी हसलं, कुणी नाही. जवान वर पोचला, पंप मारला. अळीने डोळे मिटून, मिशांवरून हात फिरवत मजेत आंघोळ केली आणि टॉवेल मागितला! चौकात हशा उसळला. जवान हताश होऊन खाली बसला. तेवढ्यात शिखराखालून एक बाई वर आली. कासोटा घातलेली, डोक्यावर फडकं, हातात डबडं. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. पहिलीने कपाळाचा घाम पुसला, सेनापतीला शेपटीकडून चिमटीत धरलं, त्याची टोपी काढून जवानाच्या हाती दिली आणि त्याला डबड्यात सोडलं. बुडुक. जवान उठला आणि त्याने त्या बायांना कडक सलाम ठोकला.

आधी ओट्यांवरच्या बायाच हसल्या. आमच्या गावात बायांना इतक्या मोठ्याने हसताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. एकजण उभी राहून ओरडली, "अगं माय, आपून हावो त्या! आपून!" मग पुरुष, मग पोरं, आणि टाळ्या, शिट्ट्या. सीमेवरच्या जवानाच्या नावाने जयजयकार झाला, आणि त्याला जोडूनच कुणीतरी वेचणाऱ्या बायांचाही जयजयकार केला. गर्दीतून वाट काढत अध्यक्ष प्रोजेक्टरपाशी आला. मी मधे जाऊन उभा राहिलो, न जाणो काय बोलतो. तो म्हणाला, "चाचा, पुन्हा लावा जी."

चाचांनी पुन्हा लावली. आणि पुन्हा. आरतीला उशीर होत होता, पण गणपतीलाही बहुधा घाई नव्हती. मशीनच्या दातांत घासून घासून रिळावरची शाई मात्र प्रत्येक खेळाला थोडीथोडी निघत होती. तिसऱ्या खेळाला अळीच्या मिशा गेल्या. मग बिल्ले गेले. मग शिखराचे कडे पुसट झाले. मी धावत जाऊन म्हणालो, "चाचा, थांबवा! सगळा पावसाळा घालवला तुम्ही यात. काही उरणार नाही."

ते हँडल फिरवतच राहिले. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा ओला दिसत होता. "लढाईचं चित्र हाये, बाबू," ते म्हणाले. "लढाई सरली. आता कायले ठेवायचं? राह्यलं, तं पुन्हा कोणाच्या तरी लढाईच्या कामी येईन."

लोकांचं हसू थांबेपर्यंत त्यांनी ते चालवलं. पडद्यावर शेवटी नुसता उजेड राहिला.

चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण येते ती फार येते, आणि हल्ली तर विशेष. आता हलणारी चित्रं काढायला ना सोडा लागतो ना सुई; कुठे जराशी लढाईची बातमी आली की संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलवर कार्टून नाचू लागतात. परवा असंच एक आलं. त्यातल्या दुश्मनाला लांब दाढी होती आणि गोल टोपी. पाठवणारा आमचा तोच जुना अध्यक्ष. आता तो आजोबा झालाय, दुकान मुलगा बघतो. मी त्याला फोन लावला आणि एवढंच म्हणालो, "याला चष्मा काढायचा राहिला."

पलीकडे त्याने ते चित्र पुन्हा उघडून पाहिलं असावं. मग तो म्हणाला, "पोरानं धाडलं, मी नुसतं पुढं ढकललं. पाह्यलंच नाही रे मी." मग हळूच पुटपुटला, "चाचा असते, तं..." आम्ही दोघे म्हातारे तसेच फोन कानाला लावून बसून राहिलो.